म्हाळूचा हॉर्न

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचा बसायला बराच काळ लागला, आणि मी तर तिथं हजर होतो. नेकनुरात माझ्या शब्दाला वजन आहे. मी "पाऊस आला" म्हणालो की लोक आधी हात बाहेर काढून बघतात आणि मगच वाळवण उचलतात. सगळी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून झाली. न सुटलेली गाडी "एवढ्यात येईल" असं छातीठोकपणे सांगणं हे आमचं कामच होतं. त्यावरून काही लोक मला थापाड्या म्हणतात. थाप वेगळी आणि प्रवाशाला दिलेला धीर वेगळा, हे त्यांना कोण समजावणार?

तर गुढीपाडवा होऊन गेला होता. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, ऊसतोडीच्या टोळ्या परतू लागल्या, आणि एका सकाळी आमचा शेजारी शहादेव आणि त्याची बायको कौशल्याबाई ट्रॅक्टरवरून उतरली ती घराचं कुलूप न काढताच आमच्या ओट्यावर आली. डोक्यावरचं बोचकं खाली ठेवायच्या आत कौशल्या म्हणाली,

"अण्णा, म्हाळू कुठाय?"

म्हाळू म्हणजे तिचं कुत्र्याचं पिल्लू. दिवाळीनंतर ती दोघं तोडीला निघाली तेव्हा ते मुठीत मावेल एवढं होतं. आई गाडीखाली गेलेली, कौशल्यानं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलेलं. ट्रॉलीत बैलांचा कडबा, भांडी, कोंबड्या, सगळं चढलं, पण पिल्लू बघून मुकादम म्हणाला, "येला न्हाई जागा." तेव्हा कौशल्यानं ते माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "अण्णा, आल्यावर तुमच्याकडूनच घीन." मी शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

तिचा आवाज ऐकून म्हाळू बाजेखालून बाहेर आला. आता चांगला गुडघ्याएवढा झालेला. कौशल्या दोन्ही हात पसरून त्याच्याकडं झेपावली. म्हाळू जागीच ताठ झाला, ओठ एका बाजूनं वर गेला, आणि आला आवाज.

गुर्र.

कौशल्याचे हात तसेच राहिले. "माज्यावर?" ती म्हणाली. "म्या बोळ्यानं दूध पाजलं की रं तुला."

"इसरलं गं ते," शहादेव म्हणाला. "चल घरी. अण्णाचंच ऱ्हाऊ दे."

बाईचे डोळे भरून आले. तोडीवर पालाच्या कोपीत झोपताना रोज ह्या कुत्र्याचं नाव काढायची म्हणे. मी म्हणालो, "कौशल्या, हात मागं घे. ते तुझ्यावर रागवलेलं नाही, तुला विचारतंय. तू अशी तिरकी बस. त्याच्याकडं टक लावून बघू नको, बोलावू नको. बोचकं शेजारी असू दे. त्याचं त्याला ठरवू दे, आणि तोवर मी सांगतो ते ऐक."

"तुमी बी बसा की, अण्णा."

"मी उभाच बरा," असं म्हणून मी पाठ भिंतीला लावली. पाहुण्यांकडं पाठ करायची आमच्या घराण्याची रीत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून आमची मंडळी, वनमालाबाई, काहीतरी बोलणार होत्या, पण मी त्यांना चहाचं बघायला सांगितलं.

तर ऐक, म्हणालो. तू गेल्यावर सुरुवातीला हे पोर गुणी होतं. पण जरा दात आले आणि एका सकाळी ते दूधभाकरी खात असताना मी मायेनं डोक्यावरून हात फिरवायला वाकलो, तर गुर्र! आणि ते असंतसं गुर्र नव्हे. फडताळातली भांडी वाजली. समोरच्या रस्त्यानं बीडची गाडी चालली होती, तिचा ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन खाली उतरला आणि गिअरबॉक्स तपासायला लागला.

"एवडंसं पिलू अन् गिअरबॉक्स?" शहादेव म्हणाला.

म्हणूनच म्हणालो, विश्वास बसणार नाही. पुढं ऐक.

आता घरातल्या कुत्र्यानं घरच्या कर्त्या माणसावर गुरगुरावं, हा अपमान मी कोणाला सांगितला नसता. पण आमच्या गल्लीत सांगावं लागत नाही. पलीकडच्या बायनाबाई मिरच्या-मीठ घेऊन दृष्ट काढायला हजर. मिरच्यांचा ठसका असा बसला की म्हाळू सोडून सगळे शिंकत होतो. किराणावाला अजिनाथ म्हणाला, त्याला उपाशी ठेवा, माज उतरतो. दिंद्रुडहून माझ्या बहिणीचा, सुंदरबाईचा फोन आला की त्याला लिंबाचा पाला पाजा, पोटात जंत असणार. एकानं सांगितलं की त्याच्या ताटातली भाकरी आधी तुम्ही खा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. ह्यातलं मी काय काय केलं ते विचारू नको. कुत्र्याच्या ताटलीतली भाकरी थोडी खारट लागते, एवढंच सांगतो.

मग जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या खिडकीतल्या साहेबांनी वर न बघता विचारलं, "कानात बिल्ला हाय का?" मी म्हणालो, हे कुत्रं आहे. ते म्हणाले, "मशीनमधे गाय, म्हैस, शेळी येतंय. ह्यातलं काय लावू?" बरीच चर्चा होऊन म्हाळूला शेळीत घातलं. डॉक्टर बाई मात्र चांगल्या होत्या. त्यांनी लस टोचली आणि जाता जाता म्हणाल्या, "कधी गुरगुरतंय ते बघत जा." मी मान डोलावली. तेवढंच वाक्य लक्षात ठेवायचं होतं, आणि तेवढंच विसरून मी घरी आलो.

कारण घरी विठ्ठलराव बसले होते.

विठ्ठलराव म्हणजे आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. बांधावरून भांडणाऱ्या भावांना एका ताटात जेवायला लावलेला माणूस. मागच्या निवडणुकीत पडल्यापासून त्यांना मिटवायला तंटे कमी पडत होते. बायनाबाईंनी तक्रार केली होती की अण्णांच्या घरून दिवसभर गुरगुरण्याचा आवाज येतो, आणि तो कुत्र्याचा की अण्णांचा ते कळत नाही. विठ्ठलरावांनी लगेच दोन्ही पार्ट्या समोर बसवल्या. एका बाजूला मी, एका बाजूला म्हाळू.

बराच विचार करून ते म्हणाले, "अण्णा, हे मानाचं परकरण हाय. रुसलंय ते. तुमी ह्याला घरात घेतलं, पण काही मानपान केला का?"

आता तू सांग कौशल्या, आपल्याकडं लग्नात व्याही रुसला तर आपण काय करतो? टॉवेल-टोपी. दोन भाऊबंद एक झाले तर? टॉवेल-टोपी. नवा साहेब आला, जुना गेला, कोणाची म्हैस व्याली, टॉवेल-टोपी आणि नारळ. आपल्या भागात टॉवेल-टोपीनं मिटला नाही असा तंटा मी बघितलेला नाही. मलाही ते पटलं. समिती जमली, नारळ आणला, म्हाळूला पाटावर बसवला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि विठ्ठलराव स्वतः दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर टोपी घालायला वाकले.

"मंग?" शहादेव पुढं सरकला.

मग काय! टॉवेल घेऊन म्हाळू, टोपी घेऊन विठ्ठलराव आणि नारळ घेऊन मी, असे तिघं तीन दिशांना. टोपी कौलावर सापडली.

विठ्ठलरावांचं डोकं फिरलं. म्हणाले, "मानानं ऐकत न्हाई तर धाकात ठिवा. गुरगुरलं की पेपराची गुंडाळी करून धाडकन आपटायची आन् वरडायचं. आवाज बंद झाला पायजे." मी तेही केलं. म्हाळूनं 'गु' म्हणायच्या आत मी पेपर आपटायचो. बिचारं कान पाडून कोपऱ्यात जायचं. आणि कौशल्या, चमत्कार! आवाज बंद झाला. अगदी बंद. मी ताटलीजवळ गेलो, गप्प. झोपेतून हलवलं, गप्प. मी बसस्टँडवर सांगत सुटलो की कुत्रं कसं वळवायचं ते माझ्याकडून शिका. चहाच्या हॉटेलात माझा सत्कार झाला. टॉवेल-टोपी, नारळ.

हे सांगत असताना मी तिरक्या नजरेनं बघितलं. म्हाळू बाजेच्या पायाशी येऊन बसला होता. तोंड कौशल्याकडं, पण डोळे दुसरीकडं. कौशल्याची मान वळायला लागली तशी मी बोट ओठावर ठेवलं. तिनं मान परत रस्त्याकडं केली. पदर मात्र घट्ट धरून ठेवला होता.

"सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी," मी म्हणालो, "म्हाळूनं आवाज न करता चावा घेतला."

"कुणाला?" दोघं एकदम म्हणाले.

"गादीला."

दारात वनमालाबाईंना ठसका लागला. चहाची वाफ गेली असेल.

"माझ्या खुर्चीवरची गादी," मी खुलासा केला. "ती खुर्चीवर होती, खुर्चीपाशी म्हाळूची ताटली होती, मी भाकरीचा तुकडा उचलायला पाठमोरा वाकलो, म्हणजे वाकणार होतो, आणि त्यानं कचकन गादी धरली. गुरगुर नाही, ताठ होणं नाही, काही नाही. त्याच दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो होतो हे खरं आहे, बायनाबाई सांगतीलच तुला. पण ते गुडघ्यासाठी. गुडघ्याची इंजेक्शनं दंडात का देतात, ते मला विचारू नको. मी डॉक्टर नाही."

शहादेवनं ओट्यावरच्या खुर्चीतल्या गादीकडं बघितलं. मी घाईनं पुढं गेलो.

तर गादी चावली गेल्यावर गाव उलटलं. विठ्ठलराव म्हणाले, "अण्णा, मुकं कुत्रं लई वाईट. येत्या बाजारापर्यंत बघा, न्हाईतर त्याला कपिलधारच्या डोंगरात सोडून यायचं. समितीचा ठराव हाय." मी रात्री जेवलो नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, पण भाजी घेतली नाही. ज्या डोंगरात वानरं माणसाच्या हातातला नारळ ओढतात, तिथं ह्या पिल्लाचं काय होणार? आणि तू पाडव्याला येऊन विचारलंस की म्हाळू कुठाय, तर मी काय सांगणार होतो? एवढ्यात येईल?

तेव्हा मला डॉक्टर बाईंचं वाक्य आठवलं. कधी गुरगुरतंय ते बघत जा.

पण आता ते गुरगुरतच नव्हतं, बघू काय? मी डोक्याला हात लावला. कौशल्या, मी एसटीतला माणूस. समज, गाडी हॉर्न देतेय आणि मला हॉर्नचा त्रास होतोय, म्हणून मी काय केलं, तर हॉर्नची वायर कापली. आवाज गेला. गाडी तशीच येत राहिली. कुत्र्याची भीती तिथंच होती, फक्त मला ती सांगायची सोय मी काढून घेतली होती.

मग ठरवलं, ह्याला नक्की काय दिसतं ते आपण बघायचं. दुपारी अंगणात म्हाळूच्या जागेवर, म्हाळूच्याच उंचीला, पोटावर पालथा पडलो. हनुवटी जमिनीला. समोर त्याची ताटली. आणि काय सांगू, जग बदललं! कोंबड्या घोड्याएवढ्या. बायनाबाईंच्या चपला होडीएवढ्या. त्या चपला थबकल्या, आणि वरून किंकाळी आली, "अगं बाई, अण्णा गेले!"

मी "नाही गेलो" म्हणेपर्यंत गल्ली गोळा झाली. कोणी कांदा फोडून नाकाला लावायला धावलं, कोणी दिंद्रुडला फोन लावला. सुंदरबाई रडत रडत जीपमध्ये बसली, ती येईपर्यंत तिचं रडून संपलं होतं. मी जिवंत दिसल्यावर तिनं मला जे झापलं ते वेगळंच. पण त्याच्या आधीच विठ्ठलराव आले. मी उठणार, एवढ्यात मला वरून त्यांचा हात दिसला. माझी नाडी बघायला वाकले होते. छत्रीएवढा हात, अंगठ्यांसकट, आभाळातून सरळ माझ्या डोक्यावर. मागं पळायला जागा नाही, भोवती पायच पाय.

आणि शपथेवर सांगतो, माझ्या तोंडून आपोआप आवाज आला. गुर्र.

विठ्ठलरावांनी चटकन हात मागं घेतला, आणि माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गुर्र म्हणजे "तुला खातो" नव्हे. गुर्र म्हणजे "जरा थांबा ना." मी काय पेपर वाचताना घरात गुरगुरत नाही? माझ्या ताटातली भजी कोणी उचलली तर? घरचे बाजूला होतात, थोड्या वेळानं मी माणसात येतो. मला कोणी कपिलधारला सोडायला निघालं नाही.

"निघालते," दारातून वनमालाबाई म्हणाल्या. "गाडी मिळाली न्हाई."

त्या दिवसापासून मी पेपर फक्त वाचायला वापरला. म्हाळू खात असला की लांबून जायचो, आणि जाता जाता त्याला आवडेल असं काहीतरी टाकून पुढं निघून जायचो. हात वरून न्यायचा नाही. झोपेत हलवायचं नाही. त्याला सगळ्यात आवडतं उकडलेलं अंडं, हे मला लवकरच कळलं, आणि माझ्या गळ्यात माळ. अंडं घ्यायचं कुठून? बसस्टँडवरच्या गाड्यावरून रुमालात बांधून आणताना ताराबाईंनी बघितलं. त्या भजनी मंडळाच्या. दुसऱ्या दिवशी भजनात मला टाळ मिळाला नाही. मी सहन केलं. एका जिवाचा प्रश्न होता.

आणि मग एका सकाळी मी ताटलीच्या जरा जास्तच जवळून गेलो आणि म्हाळू हळूच म्हणाला, गुर्र. मी दोन्ही हात जोडले. हॉर्न परत लागला होता! मी लगेच तिरका झालो, बाजूला निघून गेलो, आणि लांबून अर्धं अंडं टाकलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं काही पहिल्यांदाच कोणी त्याचं ऐकलं होतं.

मग आला बाजाराचा दिवस. समिती दारात. विठ्ठलराव पुढं, आणि म्हाळू त्यांना बघून गुरगुरला. सगळे म्हणाले, झालं, डोंगर. मी आडवा गेलो. म्हणालो, "विठ्ठलराव, ह्याच्या डोळ्यात बघू नका. पाठ वळवा आणि खाली बसा."

विठ्ठलरावांना खाली बसा म्हणणारा माणूस अजून जन्मला नव्हता. पण माझा चेहरा बघून म्हणा, की गुडघे दुखत होते म्हणून म्हणा, ते वळले आणि मातीत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग म्हाळू आला, त्यांचा बूट हुंगला, छत्री हुंगली, आणि त्यांच्या धोतराच्या सोग्यावर अंग टाकून झोपून गेला. विठ्ठलराव हलेनात. समितीची बैठक होती ती गेली, पण ते हलेनात. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, हे बरं हाय. आधी सांगतंय तरी. निवडणुकीच्या टायमाला गाव माझ्यासमोर नुसतं हसत व्हतं. कुणी एकदा गुरगुरलं असतं ना, तर मी मागं फिरलो असतो. सरळ चावलं मला." आणि त्यांनी तिथंच बसून ठराव फिरवला.

मी थांबलो. कारण आता कोणी ऐकत नव्हतं.

म्हाळू कौशल्याजवळ पोचला होता. आधी बोचकं हुंगलं. मग बोचक्यातून बाहेर आलेलं तिच्या जुन्या लुगड्याचं टोक, मग कोपर. मग त्याच्या शेपटीला काहीतरी आठवलं. आधी शेपटीचं टोक हललं, मग शेपटी, मग अख्खा म्हाळू. तो बोचक्यावर चढला आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून असा आवाज काढायला लागला की त्याला म्हणायला शब्द माझ्याकडं अजून नाही. कौशल्या एका हातानं त्याची छाती खाजवत होती आणि दुसऱ्यानं नाक पुसत होती. "वळखलं की वो अण्णा," एवढंच म्हणत होती.

मलाही भरून आलं. अंडी कोणी आणली, टाळ कोणाचा गेला! मी भिंत सोडून पुढं झालो आणि निरोपाचा म्हणून, सवयीनं, त्याच्या डोक्यावर वरून हात नेला.

म्हाळूनं बोचक्यावरून माझ्याकडं बघितलं.

गुर्र.

आता मीच सांगितलेला नियम. मी डोळे दुसरीकडं केले, सावकाश वळलो आणि पाठमोरा होऊन मोठ्या सन्मानानं स्वयंपाकघराकडं चालू लागलो. मागं ओट्यावर शहादेवचं हसू फुटलं, आणि त्यावर कौशल्याचा खणखणीत आवाज आला,

"अवो अण्णा, दात गादीला लागले म्हनता, मंग एवढं मोठं ठिगळ लेंग्याला कावून?"